जुन्या रॅमशेजारी नवी रॅम: वेगवेगळ्या स्टिक एकत्र लावताना

नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नर किंवा एम. जी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "मशीनमध्ये आठ जीबी आहे, अजून आठ टाकायचीय. पण त्याच कंपनीची मिळत नाहीये. दुसरी चालेल का?" दुकानदार म्हणतो चालेल. घरी आल्यावर मित्र म्हणतो, मुळीच नाही, मदरबोर्ड जळेल. दोघंही अर्धंच सांगतात.

वेगळ्या कंपनीची, वेगळ्या स्पीडची, अगदी वेगळ्या जीबीची रॅमसुद्धा बहुतेक वेळा एकत्र चालते. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्याच लागतात. बाकीच्या नाही जुळल्या तरी बोर्ड आपलं आपण जमवून घेतो. मात्र मशीन सुरू झालं म्हणजे काम झालं, असं समजू नका. न जमणारी रॅम मशीन बंद पाडते तेव्हा निदान कळतं तरी. ती कधी कधी मशीन चालू ठेवून फायली बिघडवते, आणि खरा धोका तिथे आहे. म्हणून या लेखात स्टिक बसवण्यापेक्षा नंतरच्या तपासणीवर मी जास्त भर दिला आहे.

हा प्रश्न आत्ता इतका विचारला जातो, त्याला कारण आहे. जगातली बहुतांश डीरॅम, म्हणजे रॅमच्या स्टिकवरची मेमरी चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्यावर २०२५च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव भडकले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुनी रॅम काढून नवा जोड घेणं हा सल्ला एरवी उत्तमच आहे, पण आजच्या भावात तो प्रत्येकाला परवडणारा नाही. सिडकोतला डीटीपीवाला, सातपूरच्या वर्कशॉपमध्ये कॅड चालवणारा मुलगा, मुक्त विद्यापीठातून शिकता शिकता घरून काम करणारी मुलगी, या सगळ्यांसाठी आहे ती स्टिक ठेवून शेजारी एक लावणं हाच खरा पर्याय असतो.

आधी आत काय आहे ते बघा

कॅबिनेट उघडण्याची घाई करू नका. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि मेमरीवर क्लिक करा. किती जीबी आहे, रॅम सध्या कुठल्या स्पीडला चालतेय, चारपैकी किंवा दोनपैकी किती स्लॉट भरलेत, हे तिथेच दिसतं. त्यानंतर सीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर टाका. त्यातल्या 'एसपीडी' टॅबमध्ये स्लॉटचा क्रमांक निवडला की त्या स्टिकची कुंडलीच समोर येते: कंपनी, पार्ट नंबर, किती जीबी, कुठल्या स्पीडला कुठलं टायमिंग (उत्तर द्यायला रॅम किती ठोके घेते), किती व्होल्ट आणि बऱ्याचदा कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनली तेही. ही माहिती स्टिकवरच्या एका बारीक चिपमध्ये साठवलेली असते आणि मशीन चालू होताना बोर्डही तीच वाचतो.

सीपीयू-झेडच्या 'मेमरी' टॅबमध्ये फ्रिक्वेन्सी १२००च्या आसपास दिसली तर घाबरू नका. डीडीआर मेमरी एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, त्यामुळे तिथला आकडा निम्मा असतो. १२०० म्हणजे २४००, आणि १६०० म्हणजे ३२००.

बोर्डचं नाव 'मेनबोर्ड' टॅबमध्ये मिळेल. ते कंपनीच्या वेबसाइटवर शोधा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: कुठल्या पिढीची डीडीआर (३, ४ की ५), एकूण किती जीबीपर्यंत चालते, आणि एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त किती. अजूनही कितीतरी घरांत एच६१ चिपसेटचे बोर्ड सुखाने चालू आहेत. त्यांना साधारणपणे दोनच स्लॉट असतात, डीडीआर३ लागते आणि सगळी मिळून १६ जीबीची मर्यादा असते. अशा बोर्डसाठी १६ जीबीची एक स्टिक घेऊन आलात तर पैसे वाया गेलेच म्हणायचे.

विंडोज ३२ बिट आहे की ६४, हेही याच वेळी बघून घ्या. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही. जुन्या मशीनवर कुणीतरी कधीकाळी ३२ बिट टाकून ठेवलेलं असतं आणि रॅम वाढवूनही फरक पडला नाही म्हणून दोष नव्या स्टिकवर येतो.

हे जुळलंच पाहिजे

पहिली गोष्ट पिढी. डीडीआर३च्या बोर्डात डीडीआर४ बसत नाही आणि डीडीआर४च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही. डीडीआर३ला २४० पिना असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका, बसत नाही यालाच काहीतरी कारण आहे. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरचे बोर्ड डीडीआर४चेही मिळतात आणि डीडीआर५चेही. म्हणून "माझ्याकडे बारावी पिढी आहे" एवढं दुकानात सांगून भागत नाही, बोर्डचं पूर्ण नाव सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट आकार आणि प्रकार. नेहमीच्या डेस्कटॉपला लांब स्टिक लागते. ऑल-इन-वन आणि पुस्तकाएवढ्या छोट्या पीसीत मात्र लॅपटॉपची आखूड स्टिक असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सर्व्हरची 'रजिस्टर्ड' रॅम. जुन्या बाजारात ती फार स्वस्त मिळते, दिसायला अगदी तशीच लांब असते, कधी कधी स्लॉटमध्ये बसतेही. पण घरगुती डेस्कटॉप तिच्यावर सुरू होत नाही. स्टिकच्या स्टिकरवर पीसी४-२४००टी असं काहीतरी छापलेलं असतं, त्यापुढचं अक्षर बघा. यू असेल तर ती आपल्या कामाची, आर असेल तर सर्व्हरची, आणि एस म्हणजे लॅपटॉपची.

डीडीआर३ घेणाऱ्यांसाठी इथे आणखी एक इशारा. ८ जीबीच्या काही स्वस्त स्टिक 'फक्त एएमडी बोर्डसाठी' म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावरच्या चिप चार बिट रुंदीच्या असतात आणि इंटेलच्या डेस्कटॉपचा मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) त्या ओळखत नाही. ऑनलाइन घेताना हे वाक्य कुठेतरी तळाशी बारीक अक्षरांत असतं, ते शोधून वाचा.

तिसरी गोष्ट व्होल्टेज. डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५वर, डीडीआर४ १.२वर आणि डीडीआर५ १.१वर. डीडीआर३ आणि डीडीआर४च्या बोर्डात सर्व स्लॉटना एकच व्होल्टेज मिळतं, प्रत्येक स्टिकला वेगळं नाही. डीडीआर३एल जुन्या दीड व्होल्टच्या बोर्डात चालून जाते. उलट करू नका: इंटेलच्या सहाव्या पिढीच्या ज्या बोर्डना डीडीआर३एल लागते, तिथे दीड व्होल्टची डीडीआर३ लावणं प्रोसेसरमधल्या कंट्रोलरसाठी बरं नाही.

हे नाही जुळलं तरी चालतं

कंपनी वेगळी असली तरी चालते. गंमत अशी की बाहेरचा ब्रँड वेगळा असूनही आतली चिप एकाच कारखान्याची असू शकते. आणि एकाच मॉडेलच्या दोन स्टिक वर्षभराच्या अंतराने घेतल्या तर आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, कारण ब्रँडवाले त्या बदलत असतात. कॉर्सेअर आपल्या स्टिकरवर व्हर्जन नंबर छापतं. जुन्या स्टिकवरचा तो नंबर फोटोत टिपून ठेवा आणि शक्य असेल तर तोच मागा.

स्पीड वेगळा असेल तर बैलजोडीचा नियम लागतो, संथ बैल जितका चालेल तितकीच गाडी. जुनी २४००ची आणि नवी ३२००ची असेल तर दोन्ही २४००वर चालतात. टायमिंगही दोघींना झेपेल असंच घेतलं जातं.

लोक इथेच नाराज होतात. म्हणजे नवी स्टिक वाया गेली का? हिशोब करून बघा. २४००ची एक स्टिक सेकंदाला १९.२ जीबी डेटा देऊ शकते, ३२००ची एक स्टिक २५.६ जीबी. पण दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या रस्त्यांवर, लावल्या की बेरीज होते. २४००च्या वेगाने चालणारी मिश्र जोडी ३८.४ जीबीपर्यंत जाते. एकट्या वेगवान स्टिकपेक्षा दोन संथ स्टिक पुढे जातात! त्यात एकूण रॅम दुप्पट झाली हा फायदा वेगळाच. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवतात, उदाहरणार्थ रायझन ५६००जी, त्यांना दुसऱ्या चॅनेलचा फरक डोळ्यांना दिसतो. कारण तिथे ग्राफिक्सही त्याच रॅममधून डेटा ओढत असतं.

शिवाय बोर्ड आणि प्रोसेसरचीही एक मर्यादा असते. एच३१० किंवा बी३६० बोर्डवर कोअर आय५-८४०० असेल तर २६६६च्या पुढे जाताच येत नाही. तिथे आय३-८१०० असेल तर २४००लाच थांबावं लागतं. अशा मशीनसाठी महागातली ३६००ची स्टिक शोधण्यात वेळ घालवू नका.

जीबी वेगळे असले तर? ८ आणि १६ एकत्र लावल्या तर इंटेलचे बोर्ड पहिली ८ अधिक ८ दोन चॅनेलवर चालवतात आणि उरलेली ८ एका चॅनेलवर. आजचे एएमडी बोर्डही अशी विषम जोडी चालवून घेतात. समसमान जोडीइतकं हे नेटकं नाही, पण रॅम कमी पडून मशीन सारखं एसएसडीवर धावत राहण्यापेक्षा कितीतरी बरं. कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडून बसणाऱ्याला २४ जीबी मिळत असेल तर चॅनेलच्या चिंतेपायी १६वर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टिकरवर १आरएक्स८, २आरएक्स८, १आरएक्स१६ असेही शिक्के असतात. यातला 'आर' म्हणजे रँक, एका वेळी मिळून काम करणारा चिपचा गट. एक रँक आणि दोन रँक एकत्र चालतात. ८ जीबीच्या डीडीआर४ स्टिकवर चारच चिप असतील तर ती १आरएक्स१६ समजा. ती थोडी संथ असते. पर्याय असेल तर आठ चिपवाली घ्या.

३२०० लावली आणि स्पीड घसरला

हा प्रकार नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा तुमच्याकडे २६६६ची साधी स्टिक आहे. शेजारी तुम्ही वर पत्रा लावलेली, दिसायला छान, गेमिंगची ३२००ची स्टिक आणून लावली. टास्क मॅनेजर आता २१३३ दाखवतो! दोन्ही स्टिक त्याहून वेगवान, मग हा आकडा आला कुठून?

स्टिकच्या त्या बारीक चिपमध्ये दोन तऱ्हेची माहिती असते. एक असते जेडेक या संस्थेच्या मानकानुसारची, जी कुठलाही बोर्ड न विचारता लागू करतो. दुसरी असते कंपनीने वरून दिलेली खास सेटिंग. इंटेलच्या भाषेत तिला एक्सएमपी म्हणतात, आणि एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर एक्स्पो. गेमिंग स्टिकच्या डब्यावरचा ३२०० हा बऱ्याचदा एक्सएमपीचा आकडा असतो. तिचा मूळ मानक स्पीड २१३३, २४०० किंवा २६६६ यांपैकी काहीही असू शकतो. बोर्डने दोन्ही स्टिकची मानक माहिती वाचली आणि त्यातला कमी आकडा धरला, एवढंच झालं.

मग एक्सएमपी चालू करायचं का? मिश्र जोडीत सरळ चालू करू नका. बोर्ड एका स्टिकचं प्रोफाइल उचलतो आणि तेच सगळ्यांना लावतो. ३२००, सीएल१६ (सीएल म्हणजे टायमिंगचा पहिला आकडा) आणि १.३५ व्होल्ट हे नव्या स्टिकला झेपणारं आहे. जुन्या २६६६वालीने ते कधी कबूल केलेलंच नाही. त्यापेक्षा बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन मेमरीचा स्पीड हाताने २६६६ निवडा, व्होल्टेज १.२ ठेवा आणि मुख्य टायमिंग जुन्या स्टिकचं द्या. मानक २६६६ स्टिकचं ते सहसा १९-१९-१९-४३ असतं. सीपीयू-झेडमध्ये ते तुम्ही आधीच पाहिलेलं आहे. काही साध्या बोर्डांत टायमिंगला हात लावता येत नाही. तिथे फक्त स्पीड निवडा आणि बाकी 'ऑटो'वर सोडा.

म्हणूनच साध्या मशीनसाठी नवी स्टिक घेताना मी पत्रा न लावलेली, मानक स्पीडची स्टिक सुचवतो. तिच्या लेबलवरचा स्पीड हा तिचा खरा स्पीड असतो आणि दुसरीशी जुळवून घ्यायला ती सोपी जाते. 'सीएल' हा आकडा एकटा बघून मात्र फसू नका. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ यांचा प्रतिसादाचा वेळ एकच, दहा नॅनोसेकंद.

चार स्टिक आणि डीडीआर५

चारही स्लॉट भरले की प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीने दिलेले अधिकृत आकडे बघा: दोन स्टिकना ३२००, एक रँकच्या चार असतील तर २९३३, दोन रँकच्या चार असतील तर २६६६. प्रत्यक्षात अनेक मशीन याहून वर चालतात, पण त्यावर विसंबून खरेदी करू नये.

डीडीआर५मध्ये ही घसरण फारच मोठी आहे. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना फक्त ३६००. इंटेलच्या १२व्या पिढीतही चार स्टिकचे आकडे ४०००च्या आसपास येतात. त्यामुळे डीडीआर५च्या बाबतीत माझा सल्ला वेगळा आहे. तिथे दोनाच्या चार करू नका, आणि दोन वेगळ्या किट (एकत्र विकल्या जाणाऱ्या जोड्या) एकत्र करून तर नकोच. जुनी जोडी विकून मोठी जोडी घ्या. जुन्या डीडीआर५ला सध्या मागणी आहे, त्यामुळे किंमतही बरी येते.

खरेदी

कॅबिनेट घेऊन दुकानात जाणं शक्य असेल तर खुशाल जा. नाहीतर जुनी स्टिक काढून सोबत न्या, निदान तिच्या स्टिकरचा स्वच्छ फोटो तरी. विचारायचा प्रश्न एकच: "माझ्या रॅमसोबत चालली नाही तर बदलून द्याल ना?" उत्तर बिलावर लिहून घ्या. याच कारणासाठी एका स्टिकपुरतं सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठणं मला पटत नाही. शंभर-दोनशे रुपये वाचतीलही, पण स्टिक जुळली नाही तर परत जायला पुन्हा अख्खा दिवस मोडतो. मिश्र रॅममध्ये परत जाण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते, त्यामुळे जवळचं दुकान हेच स्वस्त.

जुनी रॅम घेत असाल तर ती दुकानातच मशीनला लावून सीपीयू-झेडमध्ये बघा. स्टिकरवर एक आणि आतल्या माहितीत दुसरं असेल तर घेऊ नका. नव्या स्टिकचे स्टिकर आणि पत्रा कधीही काढू नका, वॉरंटी जाते.

बसवणं

आधी बॅकअप घ्या. टॅलीचा डेटा, ग्राहकांच्या डिझाइन फायली, घरचे फोटो, जे जे पुन्हा मिळणार नाही ते सगळं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. मिश्र रॅम लावताना ही पायरी वगळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पुढे सांगितलेली तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या मशीनवर विश्वास ठेवता येत नाही.

मशीन बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं. मागचा स्विच बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट उतरतो. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवा थंड आणि कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. तोच स्थिर विजेचा झटका चिपला मारक ठरतो. लोकरीचं काही अंगावर नको, सतरंजीवर बसू नका, आणि स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लागू देऊ नका.

दोनच स्टिक असतील आणि स्लॉट चार असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. बहुतेक बोर्डांवर ए२ आणि बी२ म्हणून हेच असतात. तरी बोर्डच्या पुस्तिकेतलं चित्र प्रमाण माना. चार स्टिक, दोन जोड्या असतील तर मोठ्या किंवा चांगल्या जोडीला ए२ आणि बी२ द्या, दुसरीला ए१ आणि बी१. उदाहरणार्थ ८ च्या दोन आणि ४ च्या दोन असतील तर दोन्ही चॅनेलवर १२-१२ जीबी येते आणि काहीच वाया जात नाही. ८-८ एका चॅनेलवर आणि ४-४ दुसऱ्यावर लावलं तर हा समतोल बिघडतो.

स्लॉटची क्लिप उघडा. काही बोर्डांना ती एकाच बाजूला असते. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. क्लिप कट्कन आपोआप बसली पाहिजे. एक टोक अर्धवट राहणं हे डिस्प्ले न येण्याचं अगदी नेहमीचं कारण असतं. जुनी स्टिक काढलीच आहे तर तिचे सोनेरी पाय पुसून घ्या. पावसाळ्यातली दमट हवा आणि वर्षभराची धूळ यांचा थर त्यावर चढलेला असतो. आपल्याकडे खोडरबर फिरवायची पद्धत आहे. ती चालते, पण पांढरा मऊ रबर घ्या, हलक्या हाताने फिरवा, आणि बोर्डपासून लांब बसून, म्हणजे त्याची भुकटी स्लॉटमध्ये जाणार नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापड त्याहून बरं.

पहिल्यांदा चालू करताना

लगेच डिस्प्ले आला नाही म्हणून स्विच बंद करू नका. रॅम बदलल्यावर बोर्ड नव्याने जुळणी करतो. डीडीआर५च्या बोर्डांवर, विशेषतः रायझन ७०००च्या, काळी स्क्रीन काही मिनिटं राहू शकते. थांबा.

बराच वेळ थांबूनही काही नाही, बोर्डवर 'डीरॅम'चा दिवा लागलाय किंवा बीप येत राहते, तर क्रमाने जा. सर्व स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवा. तरी नाही, तर फक्त जुनी लावून बघा. मग फक्त नवी, त्याच स्लॉटमध्ये. दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत, असं असेल तर वायर काढून बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काढा, पाचेक मिनिटांनी परत लावा. जुन्या सेटिंग पुसल्या जातात आणि बोर्ड सावध स्पीडवरून सुरुवात करतो. याने बऱ्याच जोड्या जुळतात. त्यानंतरचा उपाय बायोस अपडेट. नव्या बायोसमध्ये मेमरीची जुळणी सुधारलेली असू शकते. पण तो यूपीएसवरच करा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आणि विंडोज ११ असेल तर आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की लिहून ठेवा, बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

मशीन चालू झालं पण १६ ऐवजी ८ जीबीच दिसतेय, तर बहुधा एक स्टिक नीट बसलेली नाही. १६ पैकी १५ किंवा १४ वापरता येते असं दिसलं तर तो दोष नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने तेवढी आपल्यासाठी राखून ठेवलेली असते.

रात्रभराची तपासणी

विंडोज उघडलं, ब्राउझर चालला, गाणं वाजलं, याला तपासणी म्हणत नाहीत. रॅमचा एखादाच बिट कधीतरी चुकत असेल तर तो रोजच्या कामात तासन्तास दिसत नाही. मग एके दिवशी झिप फाइल उघडत नाही, कोरलची फाइल खराब दिसते, निळी स्क्रीन येते, आणि तोवर नवी रॅम लावल्याचं कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं. चूक मेमरीत होते आणि तुम्ही 'सेव्ह' दाबता तेव्हा तीच चूक डिस्कवर कायमची लिहिली जाते. साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये हे पकडणारी ईसीसीची सोय नसते.

मेमटेस्ट८६ प्लस हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून मशीन सुरू करा. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) आडवं येत असेल तर पासमार्कचं मेमटेस्ट८६ वापरा, त्याची फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी बंद खोलीत चाचणी केली तर उष्णतेतली दुबळी जोडीही उघडी पडते. एरवी रात्री लावून झोपा.

निकाल वाचायला सोपा आहे: चुका शून्य. एक जरी लाल ओळ आली तरी ती रॅम या सेटिंगवर चालत नाही. "एकच तर आलीय" असं म्हणून सोडून देऊ नका. आधी स्पीड एक पायरी खाली आणा, २६६६वरून २४००, आणि पुन्हा चाचणी घ्या. तरी चुका आल्या तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून वेगवेगळी तपासा. एकटीने चुका देणारी स्टिक खराब आहे, ती वॉरंटीत परत करा. दोन्ही एकट्या निर्दोष आणि एकत्र आल्यावर चुका, तर ही जोडी जमणारी नाही. दुकानदाराने बिलावर लिहून दिलेलं वाक्य इथे कामाला येतं.

परत जाताना मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो, बोर्डचं नाव आणि दोन्ही स्टिकरचे फोटो सोबत न्या, आणि कुठल्या स्लॉटमध्ये काय लावून चाचणी केली ते सांगा. तेवढ्यावरून दुकानदाराला दुसऱ्या चिपची किंवा दुसऱ्या व्हर्जनची स्टिक काढून देता येते.